शिमग्यातला उपक्रम

फाल्गुन लागला की देवरूखच्या एसटी स्टँडसमोर फलक उगवतात. आंब्याला यंदा मोहोर कसा आहे यावर दोन बागायतदारांचं कधी एकमत झालेलं मी ऐकलं नाही, पण फलकांचं पीक बुडाल्याचंही ऐकलं नाही. यंदाच्या एका फलकावर वरच्या बाजूला ग्रामदेवीची पालखी आहे, ती अंगठ्याएवढी. खाली शिमग्याच्या शुभेच्छा देणाऱ्यांचे चेहरे आहेत, ते जेवणाच्या ताटाएवढे. देवीपेक्षा शुभेच्छुक मोठे असणं हे आता इतकं अंगवळणी पडलंय, की उलटं दिसलं तर छापणाऱ्याची चूक वाटेल.

त्या चेहऱ्यांत उजव्या कोपऱ्यात काळा चष्मा लावलेला एक तरुण आहे. दोन्ही हात जोडलेले, पाठीमागे हिरवं भातशेत. नावाखाली लिहिलंय, ‘ग्रामप्रेमी युवा नेतृत्व’. त्याचं नाव ओंकार. संगमेश्वरची गाडी येईपर्यंत मला त्याच्याकडे बघण्यावाचून दुसरं काम नव्हतं. बाकीच्यांच्या विशेषणांबद्दल मला काही माहिती नाही, आणि माहिती नसताना संशय घेणं हा अन्याय आहे हेही मला कळतं. पण याचं ग्रामप्रेम कुठून आलं ते मला ठाऊक आहे. ते ज्या अंगणात, भर दुपारी, ढोलाच्या साक्षीने त्याच्या गळ्यात पडलं, त्या अंगणात मी उभी होते.

तो शिमगा तीन-चार वर्षांपूर्वीचा. फाल्गुन हा आमच्याकडे वासांचा महिना. शेतात पालापाचोळा पसरून भाजावळ केलेली असते, तिचा धूर सकाळी वर जायला तयार नसतो. भातखाचरांवर पाय पसरून बसल्यासारखा बसतो. उन्हं चढली की काजूच्या बोंडांचा आंबूस-गोड वास सुटतो. कैऱ्या बोराएवढ्या झालेल्या असतात आणि मुलं तेवढ्यावरही समाधान मानतात. कातळ तापायला लागतो. कुठल्या तरी वाडीत ढोल वाजत असतो, आणि वारा फिरला की तो अचानक आपल्या माजघरात येऊन वाजल्यासारखा वाटतो.

नेमक्या याच दिवसांत बारावीची परीक्षा असते. वेळापत्रक करणाऱ्यांनी कोकणातला शिमगा कधी पाहिला नसावा असं मला पूर्वी वाटायचं. हल्ली वाटतं, पाहिला असावा, आणि त्यात त्यांना कुणी नाचू दिलं नसावं.

मी देवरूखच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. परीक्षेच्या हंगामात शिक्षकाला संशयाची सवय लागते आणि ती घरी येताना वर्गात ठेवून येता येत नाही. पर्यवेक्षण करता करता काही गोष्टी आपोआप कळायला लागतात. खिडकीबाहेर बघणारा मुलगा निर्दोष असतो. त्याला काही येतच नसतं. सारखा मागे वळून बघणाराही फारसा धोकादायक नाही. ज्याने पाण्याची बाटली बाकाच्या कडेला अगदी सरळ ठेवलेली असते, जो मान खाली घालून शांतपणे लिहीत असतो, आणि आपण जवळ गेलो की जो विनाकारण गोड हसतो, त्याच्याजवळ जरा जास्त वेळ उभं राहावं.

साक्षी त्या वर्षी अशी गोड हसायला लागली होती.

साक्षी माझ्या शेजारची. दोन घरांच्या मध्ये छातीएवढा गडगा, म्हणजे चिऱ्यांची रचलेली भिंत. कॉलेजात ती मला मॅडम म्हणायची आणि गडग्यावरून उडी मारली की काकी. तिचे वडील संतोषभाऊ मुंबईत एका गोदामात कामाला. गणपतीला आणि शिमग्याला येणार, पत्रे, कौलं, विहिरीचा रहाट यांतलं जे मोडलं असेल ते दुरुस्त करणार आणि जाणार. साक्षीला रत्नागिरीला जाऊन नर्सिंगची पदवी घ्यायची होती. बापाने नाही म्हटलं नव्हतं. आदल्या गणपतीत त्यांनी माझ्यादेखत तिला सांगितलं होतं, जा, शीक. पण तुझ्याबद्दल एक शब्द माझ्या कानावर आला तर बारावी पुरे, मग आपण स्थळं बघू. हे त्यांनी आवाज न चढवता सांगितलं. म्हणून पोरगी घाबरली. आवाज चढवणाऱ्या बापाचं आमच्या वाडीत कुणी मनावर घेत नाही.

माझ्या पडवीत वारा येतो आणि माझ्याकडे वायफाय आहे. यांतल्या कुठल्या कारणासाठी ती अभ्यासाला माझ्याकडे यायची ते मी कधी विचारलं नाही. तिच्याबरोबर प्रणाली असायची. ती संगमेश्वरची, साक्षीच्याच वर्गातली, परीक्षेपुरती तिच्याकडे राहायला आलेली. ठसक्यात बोलणारी, हसताना समोरच्याच्या दंडावर चापट मारणारी. दोन पेपरांच्या मधल्या एका दुपारी दोघींनी डोकं हलकं करायचं म्हणून फोनवर एक हिंदी सिनेमा लावला. मी मागे बसून ओले काजूगर सोलत होते. काजूचा चीक हाताला लागू नये म्हणून राखेत बोटं बुडवत होते, त्यामुळे उठून जाणं शक्य नव्हतं. अशा सक्तीने मी तो सिनेमा पाहिला.

गोष्ट सोपी होती. एक देखणा मुलगा, एकाच वेळी तीन मैत्रिणी, तिघींना एकमेकींचा पत्ता नाही. मग त्यांना पत्ता लागतो आणि त्या मिळून त्याची खोड मोडतात. खोड मोडताना गाणी होतात. मला त्या सुडाबद्दल काही आक्षेप नव्हता, त्याच्या व्यवस्थेबद्दल होता. त्या मुलींची घरं एवढी मोठी की कट शिजवायला प्रत्येकीला आपली स्वतंत्र खोली, खोलीला आतून कडी. त्यांच्यापैकी कुणाचीही शेवटची एसटी चुकत नाही. कुणाची आई मध्येच येऊन, म्हशीला पाणी दाखवलंस का, असं विचारत नाही. शेजारच्या बाईला काही दिसत नाही. अशा सोयी असतील तर सूडच काय, माणूस पीएच.डी.सुद्धा करील.

सिनेमातला तो मुलगा तिघींना एकच वाक्य ऐकवतो असा एक प्रसंग आला. प्रणाली साक्षीच्या दंडावर चापट मारून म्हणाली, “आमचा बरा गो. मराठीतून तरी बोलतो. मला म्हणतो, तू माझं गाव आहेस.”

साक्षी हसली नाही. तिने सिनेमा थांबवला. पडद्यावर त्या देखण्या मुलाचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. मग ती पाणी प्यायला म्हणून आत गेली आणि बराच वेळ आली नाही. मी काजूगर सोलत राहिले, पण माझ्यातला पर्यवेक्षक उठून उभा राहिला होता.

पुढचं मला साक्षीनेच नंतर सांगितलं, ते इथेच सांगते. ओंकार आमच्या वरच्या वाडीतला, पण जन्म आणि वाढ मुंबईची. त्याचे वडील गावाच्या मुंबई मंडळाचे अध्यक्ष. मुंबईच्या मुलाला गाव वर्षातून तीनदा भेटतं: गणपती, शिमगा आणि मे महिना. ओंकारने ही विभागणी पुढे नेली होती. गणपतीत तो आत्याकडे संगमेश्वरला जायचा, तिथे प्रणाली. शिमग्याला पालखी नाचवायला आमच्या गावात यायचा, तिथे साक्षी. मे महिन्यात आंबे खायला आजोळी पावसला, तिथे युक्ता नावाची मुलगी. तिचा शोध या दोघींनी दोन दिवसांत फोनवर लावला. आजोळचा एक फोटो आणि त्याखाली कुणी कुणी बदाम टाकलेत, एवढ्यावर. या मुली बारावीत जेवढ्या हुशारीने वागतात तेवढी हुशारी उत्तरपत्रिकेत का येत नाही, हे मला वीस वर्षं शिकवूनही कळलेलं नाही.

तिघींनाही तेच वाक्य. तू माझं गाव आहेस. मराठीची शिक्षिका म्हणून मला आधी थोडं बरं वाटलं. पोराला रूपक अलंकार जमला होता. पण उपमेय दर हंगामाला बदलायचं आणि उपमान तेच ठेवायचं, हे काही व्याकरणात बसत नाही.

त्यानंतर पडवीतला अभ्यास फार शांतपणे व्हायला लागला. हसणं बंद, दंडावरच्या चापट्या बंद. शिमग्याच्या तोंडावर पावसहून युक्ता आली. लहानखुरी, चष्मा लावणारी, शब्द मोजून बोलणारी. तिची शाखा वेगळी, पेपर संपलेले. आमचा शिमगा बघायला आलीय असं मला सांगण्यात आलं. पावसला शिमगा नसतो की काय, असं मी विचारलं. असतो, पण तुमचा बघायचाय, असं उत्तर आलं, आणि तिघीही एकदम गोड हसल्या. मला समोर तीन पाण्याच्या बाटल्या सरळ ठेवलेल्या दिसल्या.

दुसऱ्या दिवशी साक्षीने विचारलं, “काकी, गाऱ्हाणं कुणालाही घालता येतं?”

“का गं?”

“असंच. मराठीच्या पेपराला येईल म्हणून.”

“मराठीचा पेपर झाला, साक्षी.”

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे सगळ्यांदेखत मोठ्याने मांडलेलं मागणं. शिमग्यात पालखी घरोघरी फिरते. अंगणात पालखी बसली की घरच्या बायका ओटी भरतात आणि गावकर घराच्या वतीने गाऱ्हाणं घालतो. गावकरपणाचा मान आमच्याकडे ज्या घराकडे आहे, त्या घरचे दाजी हे काम करतात. आपण आपलं मागणं दाजींच्या कानात सांगायचं. ते देवाच्या भाषेत मोठ्याने म्हणतात आणि प्रत्येक वाक्याला जमलेले सगळे ‘व्हय म्हाराजा’ अशी साथ देतात. एकदा सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं की ते मागणं त्या एका घराचं राहत नाही, गावाचं होतं. मागे घेता येत नाही. मी देवधर्मात फार पडणारी बाई नाही, पण ही पद्धत मला आवडते. भाषणात वक्ता बोलतो आणि श्रोते मनात दुसरंच म्हणतात; इथे निदान तोंडाने तरी सगळे एकच म्हणतात.

साक्षीच्या मनात काय शिजत होतं ते मला पुरतं कळलं नव्हतं. या तिघींना फसवणारा कुणीतरी एकच पोरगा आहे एवढं मी ताडलं होतं, आणि त्याची लफडी दाजींच्या तोंडून गावासमोर काढायची, असाच माझा अंदाज होता. संध्याकाळी ती गडग्यावर वाळलेले कपडे गोळा करायला आली तेव्हा मी तिला गाठलं. त्या सिनेमातल्या पोरींच्या बापांचं शेवटी काय झालं, असं विचारलं.

तिने जरा आठवून बघितलं. “बाप दाखवलेच नाहीत.”

“म्हणूनच त्यांना जमलं.”

ती एक चादर घडी करत राहिली. कोपऱ्याला कोपरा नीट जुळवून. मग म्हणाली, “माझं नाव कुठे येणारच नाही, काकी. कुणाचंच वाईट नाही मागायचं आम्हाला.”

या दुसऱ्या वाक्याने माझा संशय कमी व्हायला हवा होता. तो दुप्पट झाला.

पालखी आमच्या वाडीत भर दुपारी आली. आधी आलं मंडळ. मंडळाच्या एकसारख्या टी-शर्टातले तरुण, त्यांच्यामागे दोरीने बांधलेला कर्णा आणि ध्वनिक्षेपक, डोक्यावर माशीसारखा घोंघावणारा ड्रोन. अध्यक्षांनी आधी सर्वांचं स्वागत केलं. आपल्याच गावात आपलंच स्वागत होतं तेव्हा नेमकं काय करायचं असतं ते मला अजून कळलेलं नाही. मी नमस्कार केला. मग ढोल-ताशे, मग संकासुराचं काळं सोंग पोरांच्या मागे धावत, आणि मग पालखी. ओंकार पुढच्या खांद्याला होता. पांढरा झब्बा, कपाळाला गुलाल, नाचता नाचता ड्रोनकडे बघणं. पोरगा नाचला छान, ते मान्य करायला हवं. पालखीबरोबर डुलताना त्याने साक्षीकडे एक हसू टाकलं. तिच्या दोन्ही बाजूंना कोण उभ्या आहेत हे दिसलं, तेव्हा तो एक पाऊल चुकला. मागच्या खांद्यांनी पालखी सावरली.

साक्षीच्या अंगणात पालखी टेकली. तिच्या आईने ओटी भरली. संतोषभाऊ नारळ घेऊन उभे. दाजींनी डोक्याचा रुमाल सारखा केला आणि सुरुवात केली. आधी देवी, मग गावाच्या सीमा, मग जुने जाणते. त्यांचा क्रम कधी चुकत नाही.

“घरचा धनी मुंबईला असतो, त्येला सुखी ठेव म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“लेक बारावीला बसली हाय, तिला पास कर.”

“व्हय म्हाराजा.”

तेवढ्यात साक्षी पुढे झाली आणि दाजींच्या कानाशी वाकली. दाजींनी ऐकलं. पुन्हा सांग म्हणून खूण केली. पुन्हा ऐकलं. मग मान डोलावली. मी गडग्याचा एक चिरा हाताने घट्ट धरून ठेवला होता.

“आनि म्हाराजा,” दाजी म्हणाले, “वरल्या वाडीतला आमचा ओंकार. ऱ्हातो मुंबईला, पन त्येचा जीव हितं हाय. तो बोलतो, गाव म्हंजी माजं सगळं. तर त्येला कायमचा गावाला आन. बापजाद्याची जमीन त्येच्या हातानं नांगरून घे.”

“व्हय म्हाराजा,” सगळं अंगण म्हणालं. ओंकारचे आजोबा सगळ्यांत मोठ्याने म्हणाले, कारण वरच्या वाडीतली ती जमीन गेली कित्येक वर्षं त्यांनी एकट्याने ओढली होती.

मला एकदम हसू आलं. सूड म्हणजे काय, ते सिनेमा लिहिणाऱ्यांना कळलं नव्हतं आणि या पोरीला कळलं होतं. तिने त्याच्यावर कसलाच आरोप केला नव्हता. त्याचं वाक्य खरं करून मागितलं होतं. मी त्या क्षणी निर्धास्त झाले, आणि नेमका तोच क्षण चुकीचा होता, कारण दाजींचं गाऱ्हाणं संपलेलं नव्हतं.

“हे मागनं ह्या घरची लेक साक्षी हिनं घातलंय. तिचं मागनं मान्य कर म्हाराजा.”

“व्हय म्हा…”

साथ मधेच तुटली.

साक्षीने जन्मापासून दर शिमग्याला गाऱ्हाणं ऐकलेलं होतं. शेवटी मागणाऱ्याचं नाव येतं हेही ऐकलेलं होतं. पण ते नाव दरवेळी आजोबांचं असायचं, मग बापाचं. घरच्या पुरुषाचं नाव घराच्या नावासारखं कानावरून गेलं होतं. तो नियम आहे आणि आज त्या जागी आपलं नाव बसेल, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. देवाला मागणं कुणाचं ते कळायला नको? दाजींचं बरोबरच होतं. त्यांनी क्रम पाळला होता.

वयात आलेली मुलगी दुसऱ्याच्या वयात आलेल्या मुलासाठी गावासमोर देवाकडे मागते, याचा आमच्याकडे एकच अर्थ होतो, आणि तो लावायला कुणाला वेळ लागत नाही. ढोल थांबला. बायका एकमेकींकडे न बघता बघायला लागल्या. ओंकारच्या आईने पदर खांद्यावर घट्ट घेतला. संतोषभाऊ नारळ हातात धरून तसेच उभे होते, आणि तो कुठे ठेवायचा ते त्यांना आठवत नसावं. साक्षीचा चेहरा भाजावळीच्या राखेसारखा झाला. रत्नागिरी त्या अंगणातून उठून चालू लागलेली मला दिसत होती.

तेवढ्यात प्रणाली पुढे आली. “दाजी, माझं पण तेच मागणं.”

“तू कुठली गो?”

“संगमेश्वरची. प्रणाली.”

“माझंही तेच,” युक्ता चष्मा सावरत म्हणाली. “पावस. नाव युक्ता.”

दाजींनी दोघींकडे एकदा पाहिलं. त्यांच्या अनुभवात असं झालेलं नव्हतं, पण देवापुढे आलेल्या माणसाला परत पाठवायचं नाही हा त्यांचा बाणा. त्यांनी दोन्ही नावं गावासकट, क्रमाने, खणखणीत आवाजात देवीला सांगितली. साथ आली, पण गोंधळलेली. एका मुलीने एका मुलासाठी मागितलं तर त्याचा अर्थ होतो. तीन गावांच्या तीन मुलींनी एकाच मुलाची नांगरणी मागितली, तर त्याचा काय अर्थ होतो? अंगणातला प्रत्येक जण तो शोधत होता.

अध्यक्षांना तो सापडला. सार्वजनिक आयुष्यात मुरलेल्या माणसाला कशाचाही अर्थ लावता येतो. त्यांची नजर फिरत फिरत गडग्याशी माझ्यावर आली आणि उजळली.

“मॅडम, हा तुमच्या कॉलेजचा उपक्रम आहे काय?”

उपक्रम. या शब्दापासून लांब राहण्यात माझी अर्धी नोकरी गेली आहे. एका रोपट्याला दहा जणांनी हात लावून काढलेले फोटो, स्वच्छतेसाठी आधी टाकलेला आणि मग उचललेला कचरा, पाहुण्यांच्या सत्कारातच संपून गेलेली वाचन-चळवळ, हे सगळं मी दुरून पाहिलंय आणि दुरूनच नावं ठेवलीयत. तो शब्द ऐकला की मला फुलांचा गुच्छ आणि मध्येच बंद पडलेला ध्वनिक्षेपक दिसतो. पण त्या दुपारी त्या एका शब्दाएवढी रुंद वाट त्या अंगणातून बाहेर पडायला दुसरी नव्हती.

“होय,” मी म्हणाले. “उपक्रम आहे.”

त्यांनी ध्वनिक्षेपक माझ्या हातात दिला. मग मी जे बोलले ते मला पुन्हा कधी ऐकावं लागू नये. गावोगावची बंद घरं, ओस पडलेली खाचरं, तरुणांचं स्थलांतर. आमच्या विद्यार्थिनींनी वेगवेगळ्या गावांतून ज्याच्या मनात मातीची ओढ आहे असा एक तरुण निवडला, देवीच्या साक्षीने त्याला हाक दिली. आणि अशा सुपुत्राचे वडील आज मंडळाचे अध्यक्ष आहेत हा केवळ योगायोग नव्हे. मी वीस वर्षं ज्या भाषणांना शेवटच्या रांगेत बसून हसले होते, त्या सगळ्यांतली वाक्यं त्या क्षणी रांगेने माझ्या मदतीला आली. टाळ्या झाल्या. ड्रोन खाली आला. अध्यक्षांनी मुलाला मिठी मारली. आजोबा डोळे पुसत म्हणत होते की पोरगा बोललाच होता, गाव त्याच्या जिवात हाय. ओंकारने एकदाच आमच्या दिशेने पाहिलं. तीन मुली हात जोडून, अत्यंत भाविकपणे, त्याच्यासाठी उभ्या होत्या.

त्याला लावणी होईपर्यंत गावात राहावं लागलं. गुडघाभर चिखलात, आजोबांच्या देखरेखीखाली. पुढे चिखल कॅमेऱ्यात फार छान दिसतो हा शोध त्याला लागला आणि मातीत परतलेला तरुण म्हणून मंडळाने शाल-श्रीफळ देऊन त्याचा सत्कार केला. वर्षभरात तो मुंबईला गेला, पण ग्रामप्रेमी व्हायचा राहिला नाही. खऱ्या आयुष्यात सुडाचंही शेवटी सत्कारात रूपांतर होतं. या हिशेबात सिनेमेवाले जास्त प्रामाणिक म्हणायचे.

मला चिंता वेगळी होती. अंगणातली माणसं फसली म्हणजे बाप फसला असं नाही.

दिवेलागणीला संतोषभाऊ माझ्याकडे आले. वर पडवीत आले नाहीत, पायरीवर बसले. गडग्यापलीकडून तिघींचा आवाज येत होता. प्रणाली रसायनशास्त्रातलं काहीतरी मोठ्याने म्हणत होती आणि युक्ता, शाखा वेगळी असूनही, पुस्तक समोर धरून तिच्या चुका काढत होती. साक्षीचा आवाज येत नव्हता. ती ऐकत असणार, आमचं.

“मॅडम, उपक्रमच होता ना?” त्यांनी विचारलं.

“होता.”

“उपक्रम म्हटल्यावर आदी फलक लागतो. फलक कुठं दिसला नाय.”

त्यांनी पायरीवरची एक काडी उचलून तिचे तुकडे केले.

“मी तिला सांगितलं हुतं, एक शब्द कानावर आला तर.”

“किती आले?”

त्यांनी विचार केला. “लय आले. सगळी बोलतात, संतोषची पोरगी दुसऱ्याच्या पोराचं भलं मागते.” त्यांनी काडीचा शेवटचा तुकडा अंगणात टाकला. “भलं मागणारं मानूस नांगर मागंल काय वो?”

आतापर्यंत मी बऱ्याच गोष्टींवर संशय घेतला होता, पण या माणसाला सगळं कळलं असेल असा संशय घ्यायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. ते माझ्याकडे बघत नव्हते. गडग्याकडे बघत होते. आता ते काय म्हणतात यावर पलीकडे बसलेल्या एका मुलीचं पुढचं सगळं आयुष्य टांगलेलं होतं, आणि तिकडे रसायनशास्त्रही बंद पडलं होतं.

“त्या दोघी लांबच्या,” ते म्हणाले. “आपलं नाव दिलं तिच्यासाठी. आमच्या गोदामात पन असं कोन करत नाय.”

“नाही करत,” मी म्हणाले.

“रत्नागिरीला पोरींचं वसतिगृह येगळं असतं ना?”

“असतं. वेगळंच असतं.”

“मग जाऊ दे तिला.” ते उठले. पँटवरची लाल माती झटकली, ती काही गेली नाही. “हितं ऱ्हायली तर वर्साला एकेक करून सगळे चाकरमानी गावाला आनून बशिवंल. मंडळ बंद पडंल आमचं.”

गडग्यापलीकडे काहीतरी धपकन पडलं. पुस्तक असावं. संतोषभाऊंनी ऐकलं नाही असं दाखवलं. बेड्याशी, म्हणजे अंगणाच्या फाटकाशी, जाऊन ते वळले, आणि पहिल्यांदाच आवाज खाली आणून म्हणाले, “तिला वायच सांगा मॅडम. माज्यासाटी मागनं नको घालू म्हनावं. मी हाय तिथं बरा हाय.”

साक्षी रत्नागिरीला गेली. हा निरोप मी तिला दिलेला नाही.